माहेरवाशिणींनी बुडवलेला अभ्यास

लग्नाच्या पंगतीत कुणी "तुम्ही नोकरी काय करत होता?" असं विचारलं की मी विषय बदलते, कारण आजूबाजूला माणसं जेवत असतात. तुम्हीही फराळाची बशी जरा लांब सरकवा. पालघर-बोईसरच्या पट्ट्यात एक संस्था गावोगावी फिरून बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करत होती. तपासणाऱ्या नर्स वेगळ्या, उपचार करणारे डॉक्टर वेगळे. एवढा सगळा खटाटोप करून मरणाऱ्या बायका खरोखर कमी झाल्या का, हे मोजायचं काम माझं. म्हणजे कोण गेली, कशानं गेली, आणि आम्ही नसतो तर काय झालं असतं. गावात मला तोंडावर 'मोजनीवाली ताई' म्हणत आणि पाठीमागे 'यमाची मावशी'. यातलं दुसरं नाव मला जास्त आवडायचं.

मी मूळची मिरजेकडची. नवरा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत केमिस्ट, म्हणून कुंभवलीजवळ बिऱ्हाड केलं. संख्याशास्त्रात एम. एस्सी. झालेल्या बाईला बोईसरमध्ये काय काम? बरीच वर्षं मी शिकवण्या घेतल्या आणि दहावी-बारावीच्या पोरांच्या डोक्यात सरासरी कोंबली. मग या संस्थेची जाहिरात आली. मुलाखतीला तिथले मोठे डॉक्टर होते, उंच, गोरेपान आणि आपण जगावर उपकार करतोय अशा चेहऱ्याचे. त्यांनी विचारलं, "रक्त बघून चक्कर वगैरे येते का तुम्हाला?" मी म्हटलं, "रक्त बघून नाही येत. चुकलेली टक्केवारी बघून येते." ते हसले नाहीत, पण नोकरी दिली.

आता हे मोजायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, सोपं आहे. तपासा, सापडलेल्यांवर उपचार करा, त्या किती वर्षं जगल्या ते बघा. मोठ्या डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. पण समजा, एक माणूस दिवाळीला मरणार आहे. त्याला गणपतीत कळलं की आपल्याला कॅन्सर आहे, तर कळल्यानंतर तो दोनेक महिने जगला. त्यालाच आम्ही आधीच्या होळीत शोधून काढला, तर कळल्यानंतर तो चांगला सात-आठ महिने जगला. झालं! डॉक्टर टाळ्या पिटणार, आयुष्य वाढलं म्हणून. अहो, मेला तो दिवाळीलाच. आधी कळल्यामुळे बिचाऱ्यानं घाबरून जास्त दिवस काढले आणि त्याची चकली गेली ती गेलीच.

दुसरी गोम कोळणींना एका वाक्यात कळली, डॉक्टरांना कळायला दोन बैठका लागल्या. खाडीत तुम्ही अधूनमधून जाळं टाकलंत तर सापडणार कोण? जी मासळी तिथेच मुक्काम ठोकून बसली आहे ती. जी आली आणि सुसाट निघून गेली ती तुमच्या जाळ्यात यायची नाही. कॅन्सरचंही तसंच आहे. हळूहळू वाढणारे, वर्षानुवर्षं नुसते बसून राहणारे आजार तपासणीत जास्त सापडतात, आणि जे झपाट्यानं जीव घेतात ते दोन तपासण्यांच्या मधेच येऊन जातात. मग आमचे सापडलेले रुग्ण जास्त जगतात यात आमचं काय कर्तृत्व?

तिसरी भानगड मी डोळ्यांनी पाहिली. सुरुवातीला आम्ही कारखान्यांतल्या कामगारांच्या तोंडाचीही तपासणी करून बघितली. गुटखा खाऊन खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, ती माणसं आम्हाला हवी होती. रांगेत आले कोण? सुपारीचं खांडसुद्धा न चघळणारे, पहाटे उठून व्यायाम करणारे, पांढऱ्याशुभ्र दातांचे सज्जन. त्यांनी 'आ' करून आम्हाला पार घशापर्यंत दर्शन दिलं. गेटपाशी गाल फुगवून उभ्या असलेल्या एकाला मी हाक मारली, तर तो ओठ जेमतेम हलवत म्हणाला, "मॅडम, मुँह दिखाएगा तो नौकरी जाएगा," आणि पिंक टाकायला भिंतीमागे गेला. जे स्वतःहून येतात ते आधीच स्वतःला जपणारे असतात. ते जास्त जगले म्हणून तपासणीची पाठ थोपटण्यात अर्थ नसतो.

या तिन्ही लबाड्यांवर एकच उपाय आहे, चिठ्ठ्या. गावांची नावं डब्यात टाकायची आणि डोळे मिटून निम्मी काढायची. निघाली त्या गावांत तपासणी आत्ता, उरली त्या गावांत नंतर. मग बरीच वर्षं थांबायचं आणि दोन्हीकडे या आजारानं किती बायका गेल्या ते मोजायचं. चिठ्ठ्यांनी वाटणी केली की दोन्हीकडे जपणाऱ्या, हेळसांड करणाऱ्या, धडधाकट, पिचलेल्या अशा सगळ्या बायका सारख्याच येतात, आणि जो फरक पडेल तो तपासणीचाच असतो. आमच्या चिठ्ठ्या सिस्टर फिलोमिनानं उचलल्या. ती वसईची, आमच्या नर्सांची मुकादम. तिचा देव वेगळा असल्यामुळे कुठलंच गाव पक्षपाताचा आरोप करणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं. फिलोमिना म्हणाली, "माझ्या देवाला तुम्ही जुगाराला लावताय, मग मला बोलू नका."

मुरबे गावाला 'आत्ता' लागलं. आणि जवळच्या एका गावाला 'नंतर'. त्या गावाचं खरं नाव मी सांगणार नाही, आपण त्याला नंतरगाव म्हणू. मुरब्याला पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. नंतरगावात जाऊन "तुम्हाला नंतर" हे सांगायचं काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं, कारण वाईट बातमी द्यायला मोठे डॉक्टर कधीच मोकळे नसायचे.

देवळाच्या मंडपात बायका जमल्या होत्या. मी चिठ्ठ्यांचं सगळं समजावून सांगितलं. कुणाला काही त्रास होत असेल, मधेच रक्त जात असेल, तर तिनं आजच सांगावं, तिला आम्ही लगेच दवाखान्यात नेऊ, हेही सांगितलं. थांबायचं होतं ते ज्यांना काहीच होत नाही त्यांनी. खरं तर तपासणी असतेच त्यांच्यासाठी. मुंबईला जाऊन ती करून घ्यायला कुणाची बंदी नव्हती, पण अंगात काही नसताना दिवसाचं काम बुडवून कोण जातं? मागच्या खांबाला टेकून एक बाई उभी होती, काळीसावळी, कमरेवर हात. सुकी मासळी विकणारी भानू.

"मंग आमचं कदी?" तिनं विचारलं.

"अभ्यास संपला की. शिबिर नंतरगावात येणार. हा माझा शब्द."

"तवर कोन मेली त?"

'तर मी तिला मोजीन,' हे उत्तर माझ्या अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. ते बाहेर पडलं नाही ही त्या देवळातल्या देवाची कृपा. मी म्हटलं, "तसं होणार नाही." हे मला कुठल्या आकडेमोडीनं कळलं होतं, विचारू नका.

तेव्हापासून भानू माझ्या मागेच लागली. बोईसरच्या बाजारात तिची बसायची जागा ठरलेली. मी दिसले की बोंबलाची जुडी माझ्या पिशवीत कोंबता कोंबता ओरडायची, "ओ मोजनीवाली! आमचं कदी?" आजूबाजूच्या बायका हसायच्या. मीही हसून 'येणार, येणार' म्हणायचे. मी बोंबील करते ते इथल्या लोकांच्या दृष्टीनं गुन्ह्यातच जमा आहे, पण तिच्याकडून घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नसे.

माझं काम चालू होतं. किनाऱ्यावर गावात कुणी गेलं की बोटी समुद्रात जात नाहीत, त्यामुळे एखाद्या गावची मासळी बाजारात आली नाही की आम्ही समजायचो आणि दिवसकार्य उरकल्यावर जाऊन टेकायचो. घरात चहा मिळायचा, खरं उत्तर मिळायचं नाही. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नसे. "पोटात दुखत व्हतं." "वारं लागलं." "जावेनं केलं." मग कागदपत्रं, औषधांच्या पट्ट्या, दवाखान्याच्या पिशव्या बघून डॉक्टरांची एक समिती ठरवायची, आणि गंमत म्हणजे गाव 'आत्ता'चं की 'नंतर'चं हे त्या समितीपासून मी लपवून ठेवायचे. कळलं की माणसाचा हात आपल्या बाजूला झुकतो, डॉक्टरांचा जरा जास्तच. एका घरी ओटीवर बसलेल्या आजोबांनी मला थांबवलं. "पोरी, मी मेलो त मना कशात लिवशील?" मी म्हटलं, "आजोबा, आमच्याकडे फक्त बायका मोजतात." ते खवळले. "मंग माजा चहा कशाला पिली?"

अशी वर्षं गेली. पैसे देणाऱ्या लोकांनी पहिला निकाल मागितला आणि मी गाठोडं सोडलं. दोन्हीकडच्या गावांत फरक काहीच नव्हता. 'आत्ता'त जेवढ्या, 'नंतर'मध्ये साधारण तेवढ्याच. मी पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. आणखी विचित्र म्हणजे 'नंतर'च्या गावांत कुणी तपासलं नव्हतं, तरी पुढच्या टप्प्यात गेलेले आजार तिथे अपेक्षेपेक्षा कमी होते. मोठे डॉक्टर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "म्हणजे आपण इतकी वर्षं काय केलं?" मला त्यांची पहिल्यांदाच दया आली. तपासणीत दम आहे हे मलाही वाटत होतं. शिवाय निकाल असाच राहिला तर पैसे बंद होणार होते, आणि पैसे बंद झाले की नंतरगावचं 'नंतर' कधीच येणार नव्हतं. मी मंडपात दिलेला शब्द मला रात्रंदिवस टोचत होता. भानूच्या बाजूच्या गल्लीनं जायचं मी टाळायला लागले.

कोडं सुटलं ते होळीत. आमच्या किनाऱ्यावर होळी म्हणजे दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, गाव गजबजून जातं. घरोघरी बायका सापडतात म्हणून फिलोमिना मुरब्याचं शिबिर दरवेळी मुद्दाम होळीच्या आसपास ठेवायची. मी यापूर्वी होळीत कधी तिथे गेले नव्हते, कारण दरवर्षी तेव्हा माझ्याकडे पाहुणे असायचे. त्या वर्षी पाहुण्यांना वाटाण्याच्या अक्षता लावून मी शिबिरात जाऊन बसले.

शिबिर म्हणजे शाळेची खोली, मधे पडदा, आत टेबल. नर्स आंबट पाण्याचा बोळा लावते, म्हणजे चायनीजच्या गाडीवर असतं ते व्हिनेगरच, फक्त स्वच्छ आणि नीट पातळ केलेलं. मिनिटभर थांबायचं. पांढरा डाग उठला तर पुढच्या तपासण्या, नाही उठला तर घरी जाऊन पुरणपोळी खा. फिलोमिनानं दारातून हाक मारली, "मंजुळा!" आणि रांगेतून उठली ती नंतरगावची कमल. चौकशीला गेले की मला तिनं कितीदा चहा पाजलेला. मला बघून तिनं पदर तोंडावर ओढला.

"कमल! तू इथे?"

"इथं मी मंजुळा हाय," ती पदराआडून म्हणाली. "कमल सासरला."

आपल्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनाव बदलत नाहीत, तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नावही लिहितात, हे मला काय कुणी सांगायला हवं होतं? माझं स्वतःचं तसंच झालंय. मिरजेला मी अजून शकू आहे. एवढ्यात कमलची आई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. बाई हातभर उंच, पण आवाज धक्क्यावर ऐकू जाईल असा.

"माजी पोर हाय ती! तिच्या सासरला चिट्टी लागली नाय, म्हनून तिनं मरावं काय? आनि हिलाच काय इचारता? सगळ्याच आपापल्या पोरी आनतात."

मी रांगेकडे बघितलं. खरंच की! अर्ध्या बायका ओळखीच्या. नंतरगाव, पलीकडचा पाडा, पार वैतरणा नदीच्या बाजूला दिलेल्या लेकी, सगळ्या होळीला आलेल्या आणि आयांनी दंडाला धरून आणून बसवलेल्या. मुरब्याच्या रांगेत मंजुळा, नंतरगावच्या यादीत कमल, एकच बाई आणि माझ्या हिशोबात दोन! दोन गावांमध्ये मी मोठ्या शास्त्रीय डौलानं रेघ ओढली होती, आणि दर होळीला बायका त्या रेघेवरून बोचकं घेऊन ये-जा करत होत्या. दर मे महिन्यात मिरजेला जाऊन आयते आंबे हादडणारी मी, बाई असून मला माहेर सुचलं नाही. मी फिलोमिनाकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं. बाई दारात आली की मी तपासते. मोजायचं काम तुझं."

मला इतकं हसू आलं की बाकावर बसावं लागलं. बायकाही हसायला लागल्या, आणि कमलच्या आईनं मला पुरणपोळी दिली.

मोठे डॉक्टर मात्र हे ऐकून हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग सोपं आहे. या ज्या माहेरी येऊन तपासून गेल्या, त्यांना मुरब्याच्या बाजूला मोजा. तपासलेल्या एकीकडे, न तपासलेल्या एकीकडे. फरक दिसेल."

"दिसेल, छान दिसेल. पण तो खोटा असेल."

"बाई, मला रिपोर्टमध्ये दाखवायला काहीतरी हवंय."

"मग होळीचे फोटो लावा."

ते रागावले. मीही रागावले. आमच्या धंद्यात एक नियम आहे आणि तो मोडला की मग आकडे हवे ते बोलतात, तो म्हणजे जिथली चिठ्ठी तिथलीच बाई. चिठ्ठीनं जिला 'नंतर'मध्ये टाकलं ती शेवटपर्यंत 'नंतर'मध्येच मोजायची, मग ती चोरून तपासून आलेली असो की नसो. कारण माहेरी येऊन तपासून जाणारी बाई कोण असते? जिला दंडाला धरून नेणारी आई आहे, जिचं दुखलंखुपलं कुणी विचारतं, जिला चार दिवस माहेरी सोडण्याइतकं सासर बरं आहे ती. ती तशीही जास्त जगायचीच. तिला उचलून दुसऱ्या पारड्यात टाकलं की तपासणीचं कौतुक दुप्पट होतं, आणि ते कौतुक तिच्या आईचं असतं. मी हे सगळं टेबलावर हात आपटून सांगितलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुमच्या या सोवळेपणात आपण सगळे बुडणार." आणि मी लिहिला तसाच रिपोर्ट सही करून पाठवला. त्यांनी सही केली, हे मी त्यांच्या बाजूनं आवर्जून सांगते.

रिपोर्टात मी लिहिलं होतं की तपासणी निरुपयोगी आहे असं यातून सिद्ध होत नाही, दोन्ही बाजू एकमेकींत मिसळल्यामुळे काहीच सांगता येत नाही. पैसे देणाऱ्यांनी त्यातलं 'काहीच' एवढंच वाचलं. संस्था गुंडाळायची ठरली. माझी नोकरी गेली आणि नंतरगावचं शिबिरही.

हे सांगायला मी स्वतः नंतरगावात गेले. बोटावर मोजण्याइतक्या बायका असत्या तर बरं, पण मंडप भरलेला. मी एका दमात बोलून टाकलं, शिबिर येणार नाही, मी दिलेला शब्द मला पाळता येत नाही, आणि अभ्यास का बुडाला तेही. मग कमल खो खो हसायला लागली. "म्हंजे आमी तपासून घेतलं म्हनून तुमी नापास झालात?" सगळा मंडप हसला. एक म्हातारी म्हणाली, "अगो मंग येवडं तोंड पाडून काय बसलीस? पोरी तपासून झाल्या ना? तुज्या शिबिराला आता येतंय कोन?"

मलाही हलकं वाटलं. तेवढ्यात कमल सहज म्हणाली, "राहिल्या त्या म्हायेर नाय त्याच."

माझं हसू तिथेच थांबलं. नंतरगावातल्या या आजारानं गेलेल्या बायका मला एकेक करून आठवायला लागल्या, कारण त्यांच्या घरी चहा मीच प्यायले होते. एकीला लहानपणी मामानं वाढवलेलं आणि मामाही गेलेला. एकीनं पळून जाऊन लग्न केलं म्हणून बापानं नाव टाकलेलं. एकीचं माहेर धरणात गेलं आणि माणसं कुठे पांगली तिलाच माहीत नव्हतं. वय, मुलं, शिक्षण, पाणी कुठून आणते, चूल की गॅस, सगळं मी विचारलं होतं. तुला माहेर आहे का, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि मी खांबाकडे बघितलं. भानू तिथेच उभी होती.

"तू?" मी विचारलं.

"माजे आईबाप कवाच गेले. सख्खा भाव बोलत नाय."

"मंग मी म्हनत व्हती ना, माज्यासंगती चल म्हनून!" कमल तिच्यावर खेकसली.

"दुसरीच्या म्हायेराला जाऊन लुगडं कोन सोडील?" भानू म्हणाली.

"मग माझ्याकडे ये," मी म्हटलं.

"तुमच्याकडं काय म्हनून?"

"माहेरपणाला."

ती मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत राहिली. "आनि खायाला काय घालाल?"

"भरली वांगी."

"मंग नको."

बऱ्याच घासाघिशीनंतर ठरलं ते असं की माहेर माझं आणि मासळी तिची. नंतरगावातल्या आणखीही काही बिनमाहेरच्या बायका कमलनं गोळा केल्या. मी मोठ्या डॉक्टरांना जीप मागितली. ते ड्रायव्हरला म्हणाले, "घेऊन जा. अभ्यास बुडालाच आहे, जीप तरी उपयोगाला येऊ दे."

आमच्या घरात त्या दिवशी जे झालं ते नवरा अजून विसरलेला नाही. जीपभर बायकांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. माझा मसाला हुंगून बाजूला ठेवला. मिरजेच्या माणसाला कालवण कळत नाही, असं मला माझ्याच ओट्यापाशी ऐकवलं. जेवून, पान खाऊन, पंख्याखाली लोळून झाल्यावर मी त्यांना संस्थेच्या दवाखान्यात नेलं. फिलोमिना सामानाची खोकी बांधत होती, तिनं एक खोकं परत सोडलं. दवाखान्याच्या दारात भानूनं माझा हात धरला. बाजारात कुणाच्या बापाला न भिणारी बाई, पण तो हात काही सोडेना. मी पडद्याच्या आत तिच्या उशाशी उभी राहिले आणि ती डोळे मिटून फिलोमिनाला शिव्या देत राहिली.

डाग उठला. पुढे मोठ्या इस्पितळात तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, कॅन्सरच्या आधीची पायरी होती. तिथेच उपचार झाले, दर खेपेला मी सोबत गेले, आणि ती बरी झाली. बाकीच्या सगळ्या नीट निघाल्या. तेव्हापासून भानू मला अहो-जाहो करत नाही. होळीला येते, दोन दिवस राहते, माझ्या सुनेच्या हातचं खाऊन नाकं मुरडते.

परवा बाजारात मी तिच्या शेजारी टोपली पालथी घालून बसले होते. गिऱ्हाईक नव्हतं. ती बोंबील निवडता निवडता एकदम म्हणाली, "ताई, खरं सांग. तू ओढून नेली नसती त मी मेली असती?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर 'हो' म्हणून मोकळी झाले असते. सगळे डॉक्टर तसंच म्हणतात, आणि ऐकणाऱ्यालाही ते बरं वाटतं. पण भानूशी खोटं बोलवेना. "माहीत नाही," मी म्हटलं. "असे पुष्कळ डाग आपले आपण जातात. काहींचा कॅन्सर होतो. तुझा यातला कुठला होता, कुणीच सांगू शकत नाही."

"तुला पन नाय?"

"मला पण नाही. तुझ्यासारख्या डागाच्या खूप बायका घेऊन, त्यांना काहीच उपचार न देता वर्षानुवर्षं बघत बसले असते, तर सांगता आलं असतं."

तिचे हात थांबले. "नुसती बघत बसली असतीस?"

"कामच होतं ते माझं."

तिनं निवडलेले बोंबील गोळा करून माझ्या पिशवीत टाकले.

"मंग तुजी नोकरी गेली तेच बरं झालं," ती म्हणाली.